चौदा नंबरचा पाझर

हे वाक्य वाचून होईपर्यंत तुमच्या तळहातातून सात-आठ म्यूऑन आरपार निघून गेले असतील. दुखलं नाही, खुपलं नाही, हात गरमसुद्धा झाला नाही. दूर अवकाशातून येणारे वैश्विक किरण आपल्या वातावरणाच्या माथ्यावर आपटतात, तिथे हे कण जन्मतात आणि जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने खाली येतात. छप्पर, माणूस, दगड, डोंगर, वाटेत काय आहे याची ते फारशी पर्वा करत नाहीत. फारशी, असं मी मुद्दाम म्हणते. प्रत्येक मीटर दगड त्यांची थोडी ऊर्जा खातो, आणि ज्याची ऊर्जा संपली तो तिथेच थांबतो. म्हणून जाड दगडाखाली कमी म्यूऑन पोचतात, आणि दगडात कुठे पोकळी असेल तर त्या दिशेने किंचित जास्त. मोजत बसायची तयारी असेल, तर एवढ्या फरकावरून दगडाच्या आतलं चित्र काढता येतं.

माझी मोजत बसायची तयारी होती. आमच्या घरातच ते आहे.

माझे वडील, हिंदुराव झोरे, शेवरघोल धरणावर पाझर-निरीक्षक आहेत. कुठलंही दगडी धरण थोडं पाझरतंच. ते पाणी धरणाच्या अंगात साठून राहू नये म्हणून बांधतानाच आतून उभ्या नळ्या सोडलेल्या असतात. त्या खाली एका अरुंद बोगद्यात उघडतात, त्याला सगळे गॅलरी म्हणतात. आबा गेली एकतीस वर्षं रोज सकाळी दोनशे चौदा पायऱ्या उतरून गॅलरीत जातात, सव्वीस नळ्यांपैकी प्रत्येकीखाली लिटरचं माप धरतात, घड्याळ लावतात आणि माप किती वेळात भरलं ते रजिस्टरात लिहितात. मी जन्मले त्या दिवशीही ते आधी खाली जाऊन मग दवाखान्यात आले होते. आई हे अजून ऐकवते.

धरणाशी आमचं नातं त्याच्याही आधीचं आहे. माझा आज्जा, बिरू झोरे, अठरा वर्षांचा असताना मेंढरं भावाकडे सोडून धरणाच्या कामावर गेला होता. त्याचं घोंगडं त्या कामात हरवलं. पैलवानासारखा माणूस, पण घोंगड्याची गोष्ट निघाली की हळवा व्हायचा. "धरणानं घेतलं माझं घोंगडं," एवढंच म्हणायचा, आणि कसं घेतलं ते दर वेळी निराळं सांगायचा. त्यामुळे कुणी फार मनावर घेतलं नाही. उलट आमच्या घरात कुठलीही वस्तू सापडेनाशी झाली, चावी असो की चष्मा, की कुणीतरी म्हणतंच, "धरणात गेलं असंल."

२०४१च्या मार्चमध्ये मी आमच्या कोल्हापूरच्या प्रयोगशाळेतली चार म्यूऑन पॅनेल घेऊन शेवरघोलला आले. एकेक पॅनेल दाराएवढं, चार माणसांनी उचलावं असं. पूर्वी असं यंत्र ट्रकात मावत नसे आणि एका चित्राला वर्ष लागायचं. आमची पॅनेल तेच काम तीन महिन्यांत करतात, आणि पुढे दर काही आठवड्यांनी चित्र ताजं करत राहतात. दगडाच्या धरणात ती कुणी वापरली नव्हती. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. होऊन जेमतेम वर्ष झालं होतं आणि हे काम माझ्या एकटीच्या नावावर होतं. आबांनी पॅनेलभोवती एक फेरी मारली.

"धरणाचा फोटो काढायचा म्हंतीस?" ते म्हणाले. "मग त्याला आधी तोंड तर धुऊ दे."

पॅनेल कुठे ठेवायची यावरून आमचा पहिला वाद झाला. मला एक पॅनेल नवव्या ब्लॉकखाली, चौदा नंबरच्या नळीसमोर हवं होतं. तिथे पाझरदेव होते.

पाझरदेवाबद्दल सांगायला हवं. शेवरघोल १९५८ ते १९६४ या काळात बांधलं गेलं, काळा दगड आणि चुना-सुरखीच्या, म्हणजे चुना आणि विटांच्या पुडीच्या, गाऱ्यात. पाझरणारं पाणी त्या गाऱ्यातला चुना थोडा-थोडा विरघळवून सोबत आणतं. गॅलरीत आल्यावर त्याला हवेतला कार्बन डायऑक्साइड भेटतो आणि चुन्याचा पुन्हा दगड होतो. चौदा नंबरची नळी भिंतीतून गुडघ्याएवढ्या उंचीवर बाहेर येते. तिच्या थेंबांनी वर्षानुवर्षं खाली चुना साचवला. आबा नोकरीला लागले तेव्हा तो ढीग नारळाएवढा होता. पुढे त्याला गोल माथा आला, खाली पन्हाळीसारखी कड आली, आणि कुणीतरी त्यावर पहिलं फूल ठेवलं. आता ती दीड फुटांची पिंडी आहे, पांढरी, ओलसर, भंडाऱ्याने पिवळी झालेली. वीजघरात कामावर येणारा प्रत्येक जण सोमवारी तिला फूल वाहिल्याशिवाय यंत्राला हात लावत नाही. तिला लोखंड लावायचं नाही हा नियम. दर दोन वर्षांनी नळ्या आतून साफ करणारी टोळी येते, ती पंचवीस नळ्या साफ करते. चौदा नंबरपुढे आबांच्या अक्षरात एकच शब्द असतो: 'सोडले'.

आणि २०३६मध्ये, महाशिवरात्रीच्या आदल्या आठवड्यात, चौदा नंबरचा पाझर थांबला. थेंबही येईना. देवानं गळती थांबवली म्हणून वीजघरात पेढे वाटले गेले. सर्वांत कमी पाझराचं धरण म्हणून आबांना प्रशस्तिपत्र मिळालं, ते घरात माझ्या पदवीच्या शेजारी लावलंय. तेव्हापासून चौदा नंबरपुढे रोज लिहिलेलं असतं: 'कोरडे'.

मी पॅनेल दोन हात बाजूला सरकवलं आणि मोजायला सुरुवात केली.

जूनच्या शेवटी पहिलं चित्र तयार झालं. मी ते उघडलं तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते आणि पुढचा तासभर मी खुर्चीवर बसलेच नाही. बासष्ट मीटर उंचीचं धरण माझ्यासमोर काचेसारखं होतं. नळ्यांच्या सव्वीस रेघा दिसत होत्या. गॅलरीचा जिना दिसत होता. पंधराव्या ब्लॉकमध्ये घनता थोडी जास्त होती. जुन्या नोंदींत पाहिलं तर तिथे शेवटच्या वर्षी सिमेंट वापरलं होतं. सत्त्याहत्तर वर्षांपूर्वीचा गाऱ्यातला बदल मी आकाशातून पडणाऱ्या कणांनी वाचत होते.

नवव्या ब्लॉकमध्ये एक फिकट डाग होता. सपाट, आडवा, आठ मीटर लांब आणि चार मीटर रुंद. जाडी कुठे वीतभर, कुठे हातभर. धरण पूर्ण भरलं की पाण्याच्या पातळीपासून तो अडतीस मीटर खोल असणार होता. तिथली घनता दगडाची नव्हती, हवेचीही नव्हती. पाण्याची होती. चौदा नंबरची नळी त्याच्या बरोबर मधून जात होती.

मी ऑगस्टपर्यंत कुणाला काही सांगितलं नाही, कारण एका चित्रावर विश्वास ठेवू नये असं मला शिकवलंय. दुसरं चित्र ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. मधल्या काळात जलाशय अकरा मीटर चढला होता. डाग नदीच्या खालच्या बाजूला चाळीस सेंटिमीटर पसरला होता.

ते चित्र घेऊन मी उपअभियंता तहसीन मुल्ला यांच्याकडे धावत गेले. मुल्ला मॅडम बोलतात कमी आणि आकडे मागतात जास्त. मी आकडे दिले. दगडी धरण स्वतःच्या वजनावर उभं असतं. त्याच्या अंगातल्या आडव्या फटीत पाणी कोंडलं तर ते वरच्या दगडाला उचलू पाहतं. आज फटीवर चौतीस मीटर पाणी आहे, फटीचं क्षेत्रफळ बत्तीस चौरस मीटर आहे, म्हणजे सुमारे अकराशे टनांचा रेटा वरच्या दिशेने. भरलेले चाळीस ट्रक. ब्लॉकचं वजन याच्या कितीतरी पट आहे, त्यामुळे उद्या काही होणार नाही. पण फट पसरली की क्षेत्रफळ वाढतं, क्षेत्रफळ वाढलं की रेटा वाढतो, रेटा वाढला की फट आणखी पसरते. आणि ती पसरायला लागली आहे. नळी मोकळी असती तर फटीतलं पाणी खाली निघून गेलं असतं, रेटा उरलाच नसता.

"नळी मोकळी का नाही?" मॅडमनी विचारलं.

मी सांगितलं.

आबांना मी दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत, पिंडीसमोर सांगितलं. घरी सांगायला हवं होतं, हे आता कळतं.

"आबा, चौदा नंबर कोरडा नाही. तुंबलाय. पिंडीनं नळीचं तोंड बंद केलंय."

त्यांनी आधी घड्याळ खिशात ठेवलं. "म्हंजी पाच वर्सं मी खोटं लिवतोय?"

"नोंद खरी आहे. थेंब पडत नाही हे खरंच. अर्थ चुकला. कुकरची शिट्टी वाजत नाही म्हणजे आत वाफ नाही असं नसतं ना? कधी कधी एखादं शीत अडकलेलं असतं."

"शीत." त्यांनी पिंडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "माझा द्येव तुला शीत वाटला व्हय?"

ते पंधरा नंबरकडे निघून गेले. त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. डबा वेळेवर येत होता, त्यात भाकरी नेहमीपेक्षा एक जास्तच असायची, पण शब्द नाही. मी चोरून रजिस्टर पाहिलं. दोन्ही दिवस '१४ — कोरडे'. फक्त अक्षर नेहमीपेक्षा बारीक आलं होतं.

तिसऱ्या दिवशी मुल्ला मॅडमनी आम्हाला कार्यालयात बोलावलं: आबा, मी आणि यंत्रचालक बाळू दिंडे. बाळूकाका वीजघरात वीस वर्षं आहेत आणि त्यांचं तोंड यंत्रापेक्षा जास्त चालतं. बाहेर पाऊस होता. आबांनी ओलं घोंगडं दाराजवळ टांगलं आणि ते भिंतीला टेकून उभे राहिले, माझ्यापासून सगळ्यांत लांब.

मॅडमनी दोन वाटा मांडल्या. पहिली: दरवाजे उघडून जलाशय पूर्ण पातळीच्या चार मीटर खालीच ठेवायचा, आणि तसंच वर्षभर. दिवसा सगळं राज्य सूर्यावर चालतं, पण सूर्य उतरला की आमची तीन यंत्रं सहा मिनिटांत पूर्ण वेग घेतात आणि तीन जिल्ह्यांचे संध्याकाळचे दिवे, दवाखाने, पाण्याचे पंप चालवतात. चार मीटर पाणी सोडलं तर मार्चनंतर त्या संध्याकाळी अंधाऱ्या. शिवाय पाच दिवसांनी वरच्या खोऱ्यात मोठा पाऊस आहे. तो आला की पातळी रोखणं तसंही आपल्या हातात राहणार नाही. दुसरी वाट: त्या पाच दिवसांत नळी मोकळी करायची. वरून सळई घालून उपयोग नाही, कारण खाली नळीला वळण आहे आणि बोळा त्या वळणाच्या पुढे. जे करायचं ते गॅलरीतून.

बाळूकाकांनी आठवण करून दिली की दहा वर्षांपूर्वी एका साहेबानं पिंडीवर हातोडा मारला होता आणि त्याच संध्याकाळी दोन नंबरच्या यंत्राचं बेअरिंग गेलं होतं. मी म्हटलं, ते बेअरिंग आधीच चार महिने गरम होत होतं, नोंदी आहेत. ते म्हणाले, नोंदी असतील, पण गेलं त्याच दिवशी.

"पिंडी हलवायचा लेखी आदेश मी आत्ता काढते," मॅडम म्हणाल्या. "पाच मिनिटांचं काम आहे. पण आदेशाखाली सही तहसीन मुल्लाची असेल. मग धरणाची बातमी राहील बाजूला आणि गावात भलतीच फिरेल. तरी काढेन, काढावाच लागला तर. आधी झोरेंचं म्हणणं ऐकायचंय मला."

आबा भिंतीपासून सुटून पडद्यासमोर आले. पडद्यावर डागाचं मोठं केलेलं चित्र होतं, वरून पाहिल्यासारखं. आमच्या संगणकाने त्याला 'अनियमित पोकळी' असं नाव दिलं होतं. आबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"ह्या कडंला पायऱ्या कशापायी?" त्यांनी विचारलं. तीन दिवसांत माझ्याशी पहिलं वाक्य.

डागाची कड सरळ नव्हती, दातेरी होती, हे खरं. मी ते मोजणीतल्या चुकीवर ढकललं होतं. आबांनी बोट पडद्यावर टेकवलं आणि हळूहळू एका दात्यापासून दुसऱ्यापर्यंत नेलं, मग खालच्या रांगेत. "हितं जोड. हितं जोड. वरचं खालच्यावर चढलंय, कौलावाणी. बाई, ही पोकळी न्हाई. हे कुणीतरी हातरलंय."

कुणालाच काही कळलं नाही. आबांनी दाराजवळचं घोंगडं ओढलं आणि मॅडमच्या स्वच्छ फरशीवर पसरलं. पाण्याचा ओघळ टेबलाखाली गेला.

"माप," ते म्हणाले.

टेप मॅडमनी स्वतः धरली. लांबी दोन मीटर अडुसष्ट, रुंदी एक मीटर वीस. मी पडद्यावर एका दात्यापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर काढलं. माझ्या चित्राची अचूकता पाव मीटरची आहे, त्यापुढे मी शपथ घेणार नाही. पण तेवढ्या अचूकतेत ते घोंगडंच होतं. आठ मीटर बाय चार मीटरमध्ये, एकमेकांवर कडा चढवलेली, चार-चारच्या तीन रांगांत बारा घोंगडी.

मग आबांनी आज्ज्याची गोष्ट सांगितली, आणि या वेळी तिचे सगळे तुकडे एका जागी बसले. १९६२चा मे. नववा ब्लॉक पावसाळ्याआधी उंच न्यायचा म्हणून घाई. दुपारी चुन्याचा गारा टाकून झाला आणि अचानक वळीव कोसळला. ताजा चुना वाहून जाणार म्हणून मुकादम ओरडायला लागला. झाकायला ताडपत्री नव्हती. कामावर बारा धनगर पोरं होती. त्यांनी खांद्यावरची घोंगडी काढून गाऱ्यावर अंथरली, रानात वाड्यावर, म्हणजे धनगरांच्या तळावर, मेंढरांच्या कोकरांसाठी अंथरतात तशीच, वरची कड खालच्यावर, म्हणजे पाणी ओघळून जावं. पाऊस संध्याकाळपर्यंत होता. त्यांना मुक्कामावर पाठवलं. सकाळी दुसऱ्या तळावरची टोळी आली. घोंगड्यांवर चिखल आणि चुना इतका बसला होता की काळं काय आणि पांढरं काय ओळखू येईना. त्यांनी त्यावरच दगडांचे थर चढवले. आज्जा दुपारी पोचला तेव्हा घोंगड्यावर तीन थर झाले होते.

"म्हातारा खोटं बोलत नव्हता," आबा म्हणाले.

मॅडम टेप गुंडाळत होत्या. "एकोणऐंशी वर्षं भिजत पडलेलं घोंगडं," त्या म्हणाल्या. "सरकारी कामाला शोभतं."

बाळूकाका हसले, मग मीही, आणि सगळ्यांत शेवटी आबा.

"हाय का गं अजून आत?" त्यांनी मला विचारलं. आवाज एकदम लहान मुलासारखा.

खोटं सांगणं सोपं होतं. "नाही आबा. चुना लोकर खातो. दोन-तीन वर्षांतच गेली असेल. घोंगडं नाही, घोंगड्याची जागा आहे. त्या जागेतून पाणी शिरलं, त्यानं आजूबाजूचा चुना नेला आणि चौदा नंबरमधून खाली आणून ठेवला." मी थांबले. पुढचं त्यांनी स्वतःच जोडलं.

"म्हंजी द्येव त्या घोंगड्याच्या वाटंनंच आलाय."

"हो."

ते खाली बसले, फरशीवरच, आणि घोंगड्याची कड हातात घेऊन सारखी करत राहिले. मला त्या चार-पाच मिनिटांत कळलं की अकराशे टनांचा आकडा मी कितीही वेळा सांगितला असता तरी उपयोग नव्हता.

"मॅडम, आदेश काढू नका," शेवटी ते म्हणाले. "धनगराचा द्येव कवा एका जागी बसलाय? वाडा हलला की द्येव घोंगड्यात गुंडाळायचा, घोड्यावर घालायचा आन् म्होरच्या रानात न्हेऊन बसवायचा. बापजाद्यांनी त्येच केलं. आम्हीच नोकरीला लागलो आन् इसरलो. ह्या द्येवाचा हितला मुक्काम संपला."

"आणि लोखंड?" बाळूकाकांनी विचारलं.

त्याचं उत्तर माझ्याकडे होतं. खाणीत दगड कापायला हिऱ्याचे बारीक मणी ओवलेली तार वापरतात. ती गोल फिरत राहते आणि दगड लोण्यासारखा कापते. धक्का नाही, घाव नाही. आबांना मण्यांची माळ ही कल्पना पटली. मी प्रामाणिकपणे सांगायला गेले की माळेच्या आत पोलादी दोरा असतो.

"तू गप बस," आबा म्हणाले.

श्रावणातला तिसरा सोमवार आला. सगळ्यांनी फुलं वाहिली, गावातूनही माणसं आली, कारण आबांनी आदल्या दिवशी स्वतः दारोदार जाऊन देव मुक्काम हलवतोय म्हणून सांगितलं होतं. कुणी कुरकुर केली असेल, पण निमंत्रण द्यायला जो माणूस आला होता त्याच्याशी भांडायचं कसं? मंगळवारी सकाळी आठ वाजता तार लावली.

भिंत आणि पिंडी यांच्यामधून तार फिरायला लागली. पांढरं पाणी ओघळत होतं. पन्नास मिनिटांनी पिंडी भिंतीपासून सुटली. आबा आणि बाळूकाकांनी ती घोंगड्यात धरली. मी वाकून कापलेली बाजू पाहिली.

वलयं होती. झाडाच्या खोडासारखी, एकात एक, पांढरी आणि तपकिरी. पावसाळ्यात धरण भरलेलं असताना पाझर जोरात, तेव्हाचा थर जाड आणि पांढरा. उन्हाळ्यातला बारीक आणि मळकट. एक जोडी म्हणजे एक वर्ष.

"आबा, रजिस्टर," मी म्हटलं. "सगळी वर्षं आणा."

रजिस्टरं वरून आणावी लागली नाहीत. आबांना सगळं तोंडपाठ होतं. ते कडेपासून नख ठेवत आत गेले. "पस्तीस साल, पूर आलेला, दांडगा पाझर." वलय बोटाएवढं. "चौतीस. तेहतीस. बत्तीसला धरण भरलंच न्हाई." वलय केसाएवढं. सव्वीस वर्षं ते आत जात राहिले आणि एकदाही चुकले नाहीत. आणि सर्वांत बाहेर, छत्तीसनंतर, काही नव्हतं.

"म्हंजी ह्यो बी नोंदच ठिवत हुता," आबा पिंडीला थोपटत म्हणाले. "खोटं कुणीच लिवलं न्हाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कापताना सुटलेली तळहाताएवढी चकती माझ्या हातावर ठेवली. प्रयोगशाळेसाठी मागायचं मला धाडस झालं नसतं. "परसाद," ते म्हणाले.

मग देव घोंगड्यात गुंडाळून दोनशे चौदा पायऱ्या वर गेला. घोडा नव्हता. आबांनी खांद्यावरच नेला, आणि मध्ये कुणाला हात लावू दिला नाही. धरणाच्या टोकाला शेवरीखाली, जिथून सगळा जलाशय दिसतो, तिथे त्याला बसवलं आणि भंडारा उधळला. बाळूकाकांनी लगेच मनातल्या मनात अंतर मोजलं: वीजघरातून यायला आता चढ आहे, म्हणून सोमवारी दहा मिनिटं आधी निघायला लागणार.

नळीचं काम त्यानंतर. बोळ्यामागे पन्नास मीटर पाण्याचा दाब असू शकतो हे मला माहीत होतं, म्हणून आधी नळीच्या तोंडावर झडप बसवली आणि झडपेतून ड्रिल आत घातलं. समोर कुणी उभं राहायचं नाही. चाळीस सेंटिमीटर कडक चुना गेला. पन्नास. साठला ड्रिल एकदम सैल पडलं, पोराने दार ढकलावं तसं काहीतरी आतून आलं, आणि दुधासारख्या पाण्याचा फवारा समोरच्या भिंतीवर जाऊन आदळला. आवाज इतका की बाळूकाकांचे ओठ हलताना दिसत होते आणि ऐकू काहीच येत नव्हतं. त्यांच्या आयुष्यात असं प्रथमच झालं असावं.

फवारा वीस मिनिटं चालला. मग धार झाली, गढूळ, मग स्वच्छ. आबा लिटरचं माप घेऊन वाकले. ते एका सेकंदात भरून वाहिलं. त्यांनी बादली मागवली, घड्याळ लावलं. दहा लिटरची बादली अकरा सेकंदांत. पुन्हा मोजलं, पुन्हा अकरा. रजिस्टर गुडघ्यावर घेऊन त्यांनी लिहिलं: '१४ — मिनिटाला ५४ लिटर'. शाई फुटू नये म्हणून मी त्यावर छत्री धरली होती.

माझ्या पॅनेलना हा फरक दाखवायला अजून तीन आठवडे लागणार होते. फटीतलं पाणी उतरतंय हे आबांची बादली अकरा सेकंदांत बोलली. मुल्ला मॅडम तिथेच ओल्या पायरीवर बसल्या आणि त्यांनी तयार ठेवलेला दरवाजे उघडण्याचा आदेश फाडला. संध्याकाळी सूर्य उतरला तेव्हा तिन्ही यंत्रं नेहमीप्रमाणे सहा मिनिटांत वेगात आली. बेअरिंगचं तापमान मी मुद्दाम पाहिलं. बाळूकाकांनीही पाहिलं, माझ्या आधी.

निघताना आबा गॅलरीच्या गटारात काहीतरी शोधत होते. फवाऱ्याबरोबर चुन्याचे पापुद्रे बाहेर आले होते, फुटक्या बशीच्या तुकड्यांसारखे. त्यातला एक त्यांनी उचलला, विजेरीखाली धरला आणि मला हाक मारली.

एका बाजूने तो खडबडीत होता. दुसऱ्या बाजूवर बारीक उभ्या रेघा होत्या, एकसारख्या, आणि त्यांना छेदणाऱ्या आडव्या. लोकर चुन्याने खाल्ली होती, पण खायच्या आधी चुन्याने तिचा ठसा घेतला होता. विणीचा एकेक धागा मोजता येत होता. आबांनी खांद्यावरच्या घोंगड्याचं टोक त्यावर ठेवलं. वीण विणीला जुळली.

मग आम्ही वर आलो. धरणावर नेटवर्क मिळताच त्यांनी थोरल्या आत्याला, त्यांच्या बहिणीला, फोन लावला. आत्या पंचाहत्तरची आहे, आज्ज्यावर गेलीय.

"आक्का," आबा म्हणाले, "धरणात गेलेलं घोंगडं घावलं."

पलीकडून आत्याचा आवाज इतका मोठा आला की मला शेजारी उभं राहून ऐकू आला.

"मग वाळत घाल की रं."